कुडेघाटचा थंड भात

गिरजाबाई रडायला लागली की डोंग्यातला माणूस वल्हं थांबवून ऐकत बसे. तिचा आवाज नाकातून सुरू होई, मग घशात उतरे आणि वैनगंगेच्या पाण्यावरून पल्याड मुरखेडीच्या घाटापर्यंत जाई. तिथं उभा असलेला शिपाई तो ऐकून टोपी काढी आणि वाट सोडी. तिच्या डोक्यावर भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, असे, गंजावर पांढरं फडकं आणि भाताखाली दारू.

आमच्याकडे ज्या घरात माणूस मरतं त्या घरची चूल विझवतात. सोयऱ्यांच्या घरून भात शिजून येतो. त्याला कडू घास म्हणतात. त्यात हळद नसते, फोडणी नसते. वर कडुलिंबाची एक डहाळी ठेवतात. बाई मेली असेल तर पहिला घास तिच्या माहेरचा. तो पोटात गेल्याशिवाय त्या घरात जाळ होत नाही, लेकरं कितीही रडली तरी. हा भात शिजला तसा तडक निघतो आणि वाफेसकट पोचतो. वाटेत त्याचं फडकं कोणी काढत नाही, कोणी विचारत नाही, आणि तो माघारी नेत नाहीत. मेलेल्याच्या घासाला हात लावणारा माणूस आमच्या मुलखात जन्मला नाही, असं जुने लोक सांगत.

जन्मला. आमच्याच गावात जन्मला.

कुडेघाट चंद्रपूर जिल्ह्याच्या काठावर आहे. मधे नदी, पल्याड गडचिरोली जिल्हा. चामोर्शीच्या बाजाराला आम्ही डोंग्यानं नदी ओलांडूनच जातो. अशा ठिकाणच्या गावाला शेतीपेक्षा नदी जास्त पिकते. जुन्या काळी आलापल्लीकडचा साग पल्याडहून अल्याड येई, बैलबंडीत भाताच्या तणसाखाली पाट्या दडवून. गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी त्या सागाच्या आहेत आणि त्या चौकटींना आम्ही हळदीकुंकू लावतो. मग त्र्याण्णव साली पल्याडच्या जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि धंद्यानं तोंड फिरवलं. आता अल्याडहून पल्याड जायचं होतं. पुढं दोन हजार पंधरात आमच्याही जिल्ह्यात बंदी आली, तेव्हा माल कुठून तरी लांबून येऊ लागला आणि गंज दोन्ही काठांवर फिरू लागला. सहा वर्षांनी आमची बंदी उठली आणि पुन्हा जुनी वाट सुरू झाली. सरकारं बदलली, कायदे बदलले. कुडेघाट बदललं नाही. चोरी हा आमच्या गावाचा स्वभाव झाला, आणि स्वभावाला कोणी नाव ठेवत नाही.

कडू घासाखाली बाटल्या घालायची अक्कल श्रावणची. श्रावण हा गावातला माल पुरवणारा. धान्याचं दुकान पुढं, दारूच्या पेट्या मागं. भोपळ्यात, मासोळीच्या टोपल्यात, बाळंतिणीच्या खाटेखाली असं सगळं करून झालं होतं आणि सगळं पकडलं गेलं होतं. त्याला असं भांडं हवं होतं ज्याला हात लावायची पोलिसाला शरम वाटेल. आणि अशी बाई हवी होती जिच्याकडे पाहून कोणाला शंका येणार नाही.

गिरजाबाई तेव्हा तरणी विधवा होती. मासेमार ढिवराच्या घरची, नवरा नदीत गेलेला, मुलबाळ नाही. गरिबी होती हे खरं. पण नुसत्या गरिबीनं ती त्यात गेली असं म्हणणं म्हणजे तिला धुऊन काढणं आहे. शेजारच्या बायाही गरीब होत्या, त्यांनी मोहफुलं वेचली, रोवणीला गेल्या. गिरजाबाईला ते काम आवडलं. डोक्यावर गंज घेतला की सगळे बाजूला सरत. जन्मात तिला कोणी वाट दिली नव्हती.

काम असं होतं. जर्मनचा मोठा गंज. तळाशी पळसाची पानं, त्यावर दारूच्या प्लास्टिकच्या लहान बाटल्या, ज्यांना इथं टिल्लू म्हणतात. त्यावर पुन्हा पानं आणि वर वीतभर भात. मुरखेडीत किंवा पुढच्या गावात कोणी मेलं की निघायचं. सोयरं असो नसो, रडत निघायचं. मयताच्या अंगणात न जाता आधी तिकडं माल विकणाऱ्या लच्छूच्या गोठ्यात जायचं, बाटल्या काढून द्यायच्या, आणि मग तोच भात, तसाच, मयताच्या घरी न्यायचा. लोक खात. दोन-चार महिन्यांत त्यांनाही कळलं, तरी खात. काही तर मयत झालं की आधी गोठ्यात जात आणि मग खांदा द्यायला येत.

माणसं धंद्याच्या वेगानं मरत नाहीत. तेव्हा श्रावण मयत ठरवू लागला. एका वर्षी मुरखेडीची एक सासू तीनदा मेली. ती स्वतः घाटावर बोरं विकत बसलेली असे आणि तिच्या नावाचा गंज तिच्यासमोरून जाई. "आज कोन मेलं वो, गिरजा?" ती विचारी. गिरजाबाई रडता रडताच म्हणे, "तूच मेली, बाई. सरक जराशी." हे सांगून आमच्या गावातली माणसं अजूनही हसतात. मीही हसलो आहे.

मुरखेडीत गिरजाबाईची धाकटी बहीण पारबता दिली होती. तिचा नवरा कवडू. कवडू लच्छूचा चुलतभाऊ, आणि गोठ्यात सगळ्यात आधी येऊन बसणारा. गंज आला की तो मेव्हणीच्या पाया पडे. पारबता बहिणीला म्हणे, "त्याले देत नको जाऊ." गिरजाबाई म्हणे, "म्या नाई देली तर दुसरी कोनी देईन." हे वाक्य आमच्या गावाचं आहे. त्याच्या आधारानं आम्ही सगळे झोपतो.

कवडू मेला तेव्हा डोळ्यांपासून नखांपर्यंत पिवळा झाला होता. पोट फुगलं होतं आणि तोंडाला असा वास होता की शेवटी त्याच्या तोंडात पाणी घालायला कोणी वाकेना. त्याच्या मयतीला गिरजाबाई घास घेऊन गेली. श्रावण तिला म्हणाला होता, खरं मयत सगळ्यात पक्कं असते, आज दुप्पट भर. तिनं भरलं. भात नुकता उतरवलेला, कढत. प्लास्टिक त्या आचेनं मऊ पडलं आणि वाटेतच बाटल्या गळू लागल्या. लच्छू मयताच्या गडबडीत होता, गोठ्याला कुलूप. गिरजाबाई तशीच अंगणात गेली. पारबतानं फडकं काढलं, पळी घातली, आणि नवऱ्याच्या मयताच्या भातातून संत्र्याचा वास आला. आमच्याकडच्या देशी दारूला संत्र्याचा वास असतो, गोड आणि सडका. त्या वासानंच कवडू मेला होता.

पारबता ओरडली नाही. तिनं गंज उचलून बाहेर उकिरड्यावर उपडा केला आणि बहिणीला म्हणाली, "माया दारात पुन्हा गंज घेऊन आली तर मी मेली समज." भात माघारी नेत नाहीत, पण उकिरड्यावर टाकलेलाही त्या दिवशी लोकांनी पहिल्यांदा पाहिला. कोंबड्यांनी तो खाल्ला आणि दिवसभर तिरक्या चालल्या. यावरही आमच्या गावात एक गंमत सांगतात, ती मी सांगणार नाही.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. पारबता मुरखेडीच्या दारूबंदी महिला मंडळात गेली आणि पुढं अध्यक्ष झाली. बायांना घेऊन तिनं मडकी फोडली, गोठे उघडले, खुद्द लच्छूला चौकात उभं केलं. मात्र एक ठराव तिला कधीच करता आला नाही. मयताचे गंज तपासायचे, एवढंच ती म्हणे. बाया ऐकून कानावर हात ठेवीत. "मेलेल्याच्या घासात हात घालाचा का वो? हात झडतीन." मंडळाची अध्यक्ष घाटावर उभी राही आणि तिच्यासमोरून बहिणीचा गंज रडत जाई.

दुसरी गोष्ट श्रावणनं केली. त्यानं नेम घातला की भात आधी थंड करायचा. तेव्हापासून गिरजाबाई भात वेळून धुतलेल्या पातळावर पसरी, सुपानं वारा घाली आणि गार झाला की भरी. मुरखेडीत सगळ्यांना खूण कळली. फडकं काढल्यावर वाफ आली तर तो खरा घास. वाफ नाही आली तर खाली माल.

मागच्या चैतात पारबता गेली. दोन दिवसांचा ताप. तिची एकुलती लेक दीपाली तिच्याजवळच राहायची. दीपालीचा नवरा मोहर्लीला सफारीच्या जिप्सीवर चालक आहे. तो यायला निघाला होता. सकाळी दीपालीनं गिरजाबाईला फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मावशी, काल सांजेले आई गेली."

गिरजाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माहेरचं तूच राह्यली. तुया घासाशिवाय माई चूल पेटत नाई. लेकरं कालपासून उपाशी हायेत." मग म्हणाली, "घास आन, मावशी. पन घासच आन."

माणसाकडे आयुष्यात एवढीच एक गोष्ट मागितली जाते कधी कधी. गिरजाबाईनं तांदूळ निवडायला घेतला. तेवढ्यात श्रावण आला. मयताची बातमी त्याला नेहमीच सगळ्यांच्या आधी कळते. मागं पेटी घेतलेला माणूस.

"लय वाईट झालं," तो खाटेवर बसत म्हणाला. "अध्यक्षाबाई गेल्या. आज तर शिपाई रस्ता झाडून देईन तुले."

"आज नाई, श्रावणभाऊ."

"काऊन?"

"बहीण हाय माई."

"बहीण तुई हाय. रस्ता माया हाय." तो हसला. "म्हातारपणी देवाले लागली का काय?"

"आज भातच जाईन."

श्रावणनं तिच्याकडे पाहिलं आणि पेटीवाल्याला जायची खूण केली. चिडला नाही. हीच त्याची घाण, तो चिडत नाही. "जाऊ दे. पन तिकडं मानसं वाट पाहून राह्यली, मातीहून आल्यावर लागते त्यांले. त्यांले मी काय सांगू ते सांग."

"मेली म्हन मी."

"तू मेली तर कोन रडीन वो? रडनारी तूच."

तो गेल्यावर तिनं आंघोळ केली, ओल्या पातळानंच चूल पेटवली. नवा तांदूळ, पाणी, दुसरं काही नाही. शेजारीण म्हणते, ती भाताशी बोलत होती. काय बोलत होती ते शेजारणीला ऐकू आलं नाही. भात शिजला. गिरजाबाईनं तो वेळला. धुतलेलं पातळ अंगणात अंथरलं, त्यावर भात पसरला, सूप घेतलं आणि वारा घालू लागली. शेजारीण कुंपणापाशी उभी राहून पाहत होती. तिला वाटलं, म्हणजे नेहमीचंच. भात गार झाल्यावर गिरजाबाईनं गंजाच्या तळाशी पळसाची पानं घातली, त्यावर पुन्हा पानं, आणि वर भात भरला. फडकं बांधलं, डहाळी खोचली.

तिचं मन पारबताजवळ होतं. हात नेहमीच्या कामात होते.

डोंग्यात ती रडली नाही. रडायला पाहिलं, तोंड उघडलं, पण काही निघालं नाही. पल्याड शिपाई टोपीकडे हात नेऊन थांबला. "काय बाई, आज आवाज नाई?"

"माई बहीण गेली, साहेब."

तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. इतकी वर्षं रडणाऱ्या बाईवर त्यानं विश्वास ठेवला होता. न रडणारी बाई त्याला संशयाची वाटली. पण मयताचा गंज. त्यानं वाट सोडली.

मुरखेडीच्या अंगणात माणसं मातीहून येऊन बसली होती. लच्छू सगळ्यांच्या पुढं, खांद्यावर ओला शेला. चौकात ज्या बाईनं त्याला उभं केलं होतं तिला त्यानं सकाळी खांदा दिला होता. आमच्याकडे माणसं असा मोठेपणा करतात. तोंडात कडुलिंबाचा पाला चघळत सगळे गंजाकडे पाहत होते. बाजूला मंडळाच्या बाया. दारात दीपाली, कडेवर धाकटी लेक, ती रडून रडून झोपेला आलेली.

गिरजाबाईनं गंज खाली ठेवला. दीपालीनं फडकं काढलं.

वाफ आली नाही.

दीपालीचा हात फडक्यासकट तसाच वर राहिला. गिरजाबाईला अजून काहीच कळलं नव्हतं. ती भाचीच्या तोंडाकडे पाहत होती, ती आता जवळ घेईल असं तिला वाटत होतं.

आधी लच्छू उठला. "थंडा हाय का जी, भात?" तो गोड आवाजात म्हणाला आणि गंजापाशी उकिडवा बसला. पळी बाजूला पडली होती, ती त्यानं घेतली नाही. बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात भातात घातला.

मग दुसरा आला. मग तिसरा. गंजाचं तोंड लहान, हात जास्त, तेव्हा एकमेकांना ढुसण्या देऊ लागले.

"खालून पाह्य. खालून."

"पानं लागली. पानं हायेत बे."

"मंग पानाखाली पाह्य ना."

"पानाखाली पानंच हायेत."

"त्याच्याखाली?"

"गंज हाय."

मातीला आलेला मीही त्या अंगणात होतो. केसाळ हातांना चिकटलेली ती पांढरी शितं मला अजून जेवताना आठवतात. जिला आत्ताच पुरून आले तिच्या माहेरचा घास त्यांनी उकरला, कुत्रं उकरतं तसा, आणि काही मिळालं नाही तेव्हा हाताला लागलेला भात गंजाच्या काठाला पुसला. एकानं तो चाटला. मंडळाच्या बाया पाहत होत्या. हात झडतील म्हणणाऱ्या बायांपैकी एकही उठली नाही. हात कोणाचेच झडले नाहीत.

लच्छू उभा राहिला. त्याच्या तोंडावर खरं दुःख होतं, सकाळी नव्हतं तेवढं. "येवढ्या दुरून नुसता भात आनला?"

तेव्हा गिरजाबाईला कळलं. ती खाली बसली.

"दीपा, म्या काईच नाई आनलं. तुया आईची आन."

"मंग थंडा काऊन?"

गिरजाबाईनं स्वतःचे दोन्ही हात पुढं केले, तळवे वर, आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. "मले समजलंच नाई, बाई. हातानं केला."

दीपालीनं लेकीला एका बाईकडे दिलं. ती गंजापाशी बसली आणि तिनंही आपला हात भातात घातला.

लच्छूचा हात आणि हिचा हात यांत फरक होता. लच्छूला बाटली सापडावी असं वाटत होतं आणि हिला सापडू नये असं. पण गिरजाबाईला हा फरक काही कामाचा नव्हता. तिला वाटलं होतं, भाची न तपासता खाईल. एवढ्यासाठी ती आली होती. दीपालीचा हात तळापर्यंत गेला, काठाकाठानं फिरला, पानं उचलून त्यांच्याखाली गेला, पुन्हा फिरला. तिची आई जे आयुष्यभर म्हणत राहिली आणि जे कोणी करू दिलं नाही, ते तिनं सगळ्यांसमोर पुरं केलं. घाई केली नाही.

मग त्याच मुठीत तळाचा भात घेऊन तिनं हात वर काढला आणि तो खाल्ला. थंड भात घशाखाली जायला वेळ लागतो. सगळे थांबले होते. तिनं गिळला, दुसरी मूठ लेकीच्या तोंडात घातली आणि म्हणाली, "माहेरचा घास झाला. जाळ करा."

चूल पेटली. तासाभरात गरम भात आणि वरण झालं. माणसं पंगतीला बसली. लच्छूनं हात धुतले होते, त्यानं दोनदा वरण मागितलं. गिरजाबाईलाही ताट दिलं. ती जेवली. न जेवणं म्हणजे मयताच्या घराचा अपमान, आणि अपमान करायचा हक्क आपल्याला राहिलेला नाही हे तिला कळत होतं.

निघताना दीपाली तिला दारापर्यंत सोडायला आली. "तेरवीले ये, मावशी."

"काय आनू?"

"काई नको आनू. पळसाचं पानबी नको. तू ये."

आमच्या गावात ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. जन्मभर माल नेला तेव्हा धरली नाही, एक दिवस नेला नाही आणि धरली गेली. सांगणारा मांडीवर थाप मारतो. श्रावणनं गंजासाठी दुसरी बाई ठेवली आहे.

तेराव्या दिवशी, तेरवीला गिरजाबाई गेली. दीपालीनं तिला स्वयंपाकघरात चुलीजवळ बसवलं आणि पुढं पोळपाट ठेवला. ती पुऱ्या लाटत राहिली, दीपाली तळत राहिली. बाहेर पंगत बसायला वेळ होता. मागच्या दारात सावली पडली. लच्छू आत डोकं घालून हळूच म्हणाला, "मावशी, आज तरी काई हाय का?"

दीपालीनं झारा तसाच धरून मावशीकडे पाहिलं. गिरजाबाई कणकेच्या हातांनीच उठली, दार लोटलं आणि आतून कडी घातली. मग परत येऊन पुढची पुरी लाटायला घेतली.